डॉक्टरांच्या मेथीतली एल्क

ऑन्टारिओच्या जंगलातून एल्क केव्हाच नाहीसे झाले होते. एल्क म्हणजे सांबराला वर्षभर जिममध्ये पाठवल्यावर जे होईल ते. इथल्या लोकांनी आधी तो खाऊन संपवला आणि मग त्यांना त्याची आठवण येऊ लागली. म्हणून अल्बर्टातून ट्रक भरून एल्क आणले आणि बँक्रॉफ्टच्या बाजूला सोडले. कळप वाढले. सगळं बरं चाललं होतं. मग आमचे डॉक्टर रवींद्र खांबेटे रिटायर झाले.

हॅमिल्टनमध्ये डॉक्टरांनी जन्मभर लोकांचे गुडघे बदलले, स्वतःचं मत एकदाही नाही. रिटायर होताच त्यांनी बँक्रॉफ्टजवळ शेत घेतलं, टोपी घेतली आणि ते निसर्गप्रेमी झाले. आमच्या मराठी मंडळात ते एल्कवर स्लाइड-शो दाखवत. "या भूमीचं जे होतं, ते आपण तिला परत देतोय!" असं शेवटी म्हणत. यातले 'आपण' कोण, हे विचारायची मंडळात पद्धत नाही. माझ्यासारखा अलिबागकडचा बेने इस्राएल ज्यू माणूस तिथे बटाटेवड्यासाठी जातो, त्यामुळे मीही गप्प बसे.

पहिल्याच पितृपक्षात डॉक्टरांनी वडिलांचं श्राद्ध शेतावर केलं. मला आणि माझ्या बायकोला, क्वीनीला, जेवायला बोलावलं. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं मृणालिनीवहिनींनी केलं. डॉक्टरांनी केळीचं पान उचलून बाहेर ठेवलं आणि दमले. पानावर कावळ्याचा घास होता आणि गाईचा. कावळ्याने दुरून पाहिलं आणि तो दुसरीकडे गेला. गाय तर कुणी बोलावलीच नव्हती. तेवढ्यात झाडीतून एल्कची एक मादी आली. तिने वडे खाल्ले, खीर चाटली आणि शेवटी पानही खाल्लं.

डॉक्टरांना हुंदका आला. "बाबा!"

वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "मामंजी बाईच्या जन्माला आले वाटतं. बरं झालं. आता कळेल."

तेव्हापासून दर अमावास्येला डॉक्टर पान मांडू लागले. मादी वेळेवर येऊ लागली. मंडळातल्या स्लाइड-शोमध्ये आता वडीलही आले.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा पिल्लू घेऊन आले, आणि अमावास्येची वाट न बघता थेट मेथीच्या वाफ्यात शिरले. मेथी संपली, दुधीचे वेल संपले, मका कोवळा होता तो पिल्लाने संपवला. सकाळच्या उन्हात, अंगात रोब अडकवून, डॉक्टर झाडू घेऊन धावले आणि भोपळ्यात पडले.

मी भेटायला गेलो तेव्हा निसर्गप्रेम ओसरलं होतं.

"अरे बेन्सियन, हे एल्क मुळात इथले नाहीतच! इथले वेगळे होते. ही सगळी अल्बर्टातून आणलेली भरती. कुणीही यावं, आयतं खावं, वर पोरं काढावीत!"

"डॉक्टर, तुम्ही कुठले?"

"मी इमिग्रेशनच्या पॉइंट्स सिस्टीममध्ये आलो!"

मादीकडे पॉइंट्स नव्हते, हे मला मान्य करावं लागलं.

मग त्यांनी वन्यजीव खात्याला फोन केला. नुसतं भाजी खाणारं जनावर असेल तर ते लोक 'फेन्स घाला' म्हणतात. माणसाच्या अंगावर येणारं असेल तर गोळी घालतात. हे डॉक्टरांनी आधी वाचून घेतलं होतं, म्हणून फोनवर 'शी अटॅक्ड मी' असंच सांगितलं.

"ती कुठे अंगावर आली?" वहिनी म्हणाल्या. "ती खात होती. धावलात तुम्ही."

"तू यात पडू नकोस."

"पिल्लू अजून तिला पितंय हो. तिला मारलं तर ते पण जाईल."

"निसर्गात असंच चालतं, मृणाल."

वहिनी आत गेल्या. डॉक्टरांना वाटलं, पटलं.

खात्याची अधिकारी बाई आली त्या दिवशी साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. "तू फक्त मान हलव," डॉक्टरांनी बजावलं. जेवण होतं, मी हो म्हटलं. बाई वाफा फिरून आली. बुटाला चिखल म्हणून डेकच्या पायरीवरच बसली. कुंपणापलीकडे मादी उभी होती, पिल्लू पोटाखाली ढुशा देत होतं.

"माणसांना अजिबात बिचकत नाही ही," बाई इंग्रजीत म्हणाली. "कुणी खायला घालतं का तिला?"

"नेव्हर," डॉक्टर म्हणाले. "वुई आर एज्युकेटेड पीपल."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. बाईच्या हातात कप दिला, साखर विचारली आणि मग सावकाश म्हणाल्या, "माय हजबंड फीड्स हर. एव्हरी न्यू मून. फ्राइड फूड."

डॉक्टर उभे राहिले. "दॅट इज नॉट फीडिंग! दॅट इज माय फादर!"

बाईने कप खाली ठेवला. मादीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि मग या घरात शहाणं कोण असेल या आशेने माझ्याकडे.

"अँड डिड शी एव्हर अटॅक हिम?"

मी मान हलवली. आडवी.

गोळी रद्द झाली. खायला घालणं बंद, वाफ्याला उंच कुंपण डॉक्टरांनी घालायचं, आणि पुन्हा खोटी तक्रार केली तर दंड. एवढं सांगून, चहा संपवून बाई गेली. चहातलं आलं आवडलं म्हणाली.

"परक्या बाईसमोर खोटं पाडलंस मला," डॉक्टर म्हणाले.

"मी चहा दिला. पडलात तुम्ही."

डॉक्टर तडक हॅमिल्टनला निघाले. वहिनी मागोमाग येतील या हिशेबाने त्यांनी कार बराच वेळ चालू ठेवली होती. वहिनी वाफ्यात पुन्हा फुटलेली मेथी खुडत होत्या.

दोन आठवडे डॉक्टरांनी स्कारबरोहून येणाऱ्या जेवणाच्या डब्यावर काढले. मग मला फोन आला. "तिला सांग, मी स्वतः कुंपण घालतो. उंच घालतो."

मी शेतावर गेलो, सांगितलं.

"घालू देत की," वहिनी म्हणाल्या. "मेथी आत, एल्क बाहेर, एवढं ठरलंय. ते कुठल्या बाजूला राहणार, ते त्यांना विचारा."

मी फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, "जेवण आतल्या बाजूला असतं ना?"