प्रथिनाविना चमकलेली नळी

लातूरच्या शिकवणी वर्गात शिवांगी एक गोष्ट पक्की शिकली होती. आधी पर्यायांतलं बरोबर उत्तर हेरायचं, मग गणित त्याच्याकडे वळवायचं. ही युक्ती वडिलांचीच. त्यांचा, म्हणजे व्यंकटरावांचा, वर्ग या युक्तीवरच तर नावारूपाला आला! आता शिवांगी नांदेडला संशोधन करत होती, पण खोड तीच.

निसर्गात कुठेच नसलेलं एक प्रथिन तिनं संगणकावर आखून तयार केलं होतं. पेशीच्या पटलात बसून त्यानं जस्ताचे आयन आत सोडावेत, ही अपेक्षा. पेशींऐवजी तिनं चरबीचे इवले फुगे घेतले. आत असं रंगद्रव्य, की जस्त शिरलं की चमकावं. आणि ते चमकलं! फक्त एक घोळ झाला. ज्या नळीतल्या फुग्यांत प्रथिन घातलंच नव्हतं, तीही तितकीच चमकली. शिवांगीनं ती नळी तक्त्यातून गुपचूप गाळली.

शनिवारी पुण्याच्या परिषदेत हे मांडायचं होतं. व्यंकटरावांनी वर्गाच्या दारात लावायला तिचा फ्लेक्सही छापायला टाकला.

मार्गदर्शक रामलिंग सरांनी तक्ता पाहिला. "बिनप्रथिनाची नळी कुठं हाय?"

"ती खराब झाली, सर."

"खराब झाली, का नको ते बोलली?"

शिवांगीचे कान तापले. सर शांतपणे म्हणाले, "भूकंपानंतर आमच्या गावात उरलेली घरं तपासायला साहेब आले. भिंत उभी दिसली, 'ठीक' लिहून गेले. शेजारच्या सिंधुकाकूनं न्हाई ऐकलं. पहारीनं भिंत उकरली, तर आत नुसती भुसभुशीत माती. चार लेकरं निजणार होती तिथं! उद्या तुझ्या प्रथिनाच्या भरवशावर कुणी औषध करंल. तवा कोण उकरून बघंल?"

प्रथिनाविनाही जस्त आत शिरलं, म्हणजे फुगेच गळके होते! प्रथिनानं काही केलं की नाही, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. शिवांगीला स्वतःची लाज वाटली. तिनं परिषदेतून नाव मागे घेतलं आणि घरी फोन लावला.

"बाबा, फ्लेक्स थांबवा. मी उत्तर जुळवून आणलं होतं."

व्यंकटराव म्हणाले, "जुळवायला मीच शिकवलं तुला. उद्यापासून वर्गात आधी रीत विचारतो. पोरं लई वैतागतील, वैतागू दे."

नागरिकहो, मूल घरी आलं की आपण 'किती पडले?' एवढंच विचारतो. 'कसं काढलंस?' हेही विचारू या. मग चुकलेलं लपवायची वेळ आपल्या लेकरांवर येणार नाही.