बांधाखालची झोपमोड

मित्रांनो, मी उत्रोलीच्या भातखाचरातला एक जुना बेडूक आहे. स्वभावाने भारी संशयी. बगळा एका पायावर उभा दिसला, की मी आधी त्याचा दुसरा पाय शोधतो. या संशयानेच मला आजवर जगवले, असे मला वाटायचे.

थंडी पडली की मी बांधाखालच्या मातीत शिरतो. तिथे खाणे नाही, नाकाने श्वास नाही. ओल्या कातडीतून मिळेल तेवढ्या हवेवर दिवस काढायचे. त्या काळात माझ्या डोक्यात काय चालते, ते मलाही ठाऊक नसते. पुण्याच्या एका कॉलेजातले आनंदराव मास्तर नेमके तेच शोधत होते.

१९३६ सालच्या माघात ते कुदळ घेऊन आले. मी झोपेत असताना घडलेले मला पुढे फुलाबाईच्या बोलण्यातून कळले. शेत फुलाबाईचे. हा माणूस पुरलेले धन उकरतोय, असे आधी तिला वाटले. बेडूक निघाल्यावर तर ती जास्तच बिथरली.

"बेडकं कशाला न्हेताय, मास्तर?"

"मेंदूतल्या मज्जापेशी बघायच्यात. जागे बेडूक पावसाळ्यातच नेले. आता गाढ झोपलेले हवेत. झोपेत पेशी बदलतात का, ते पाहायचंय."

"आन् पावसाला हाक कोन मारंल?"

मास्तर हसले. मला एका मडक्यात आणि माझ्या शेजाऱ्याला दुसऱ्या मडक्यात मातीसकट ठेवून ते पलीकडच्या बांधावर गेले. हा शेजारी पाच हिवाळे माझ्या कुशीला निजलेला.

फुलाबाईने इकडे तिकडे पाहिले आणि माझे मडके उचलून शेतातल्या खोपीत चुलीशेजारी ठेवले. कातडीला ऊब लागली. आधी माझा गळा हलला, मग पाय. पहिला विचार आला तो असा, की ही बाई मला शिजवणार! ती दुसरे मडके आणायला वळली, तेवढ्यात मास्तर परतले.

"अरेरे, हा जागा झाला! आता काही उपयोग नाही याचा. सोडून द्या."

दुसरे मडके काखेत मारून ते पुण्याची मोटार गाठायला निघून गेले. फुलाबाईने मला विहिरीजवळच्या चिखलात सोडले. "नीज बाबा," ती म्हणाली. मी मात्र भीतीने तिचा हात ओला करून पळालो. त्याची मला आजही लाज वाटते.

आषाढात मास्तर मुद्दाम सांगायला आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी खाचरातून ऐकत होतो.

"बाई, त्या दुसऱ्या बेडकाच्या मेंदूचे पातळ काप करून रंगवले. पेशी थोड्या आकसल्या होत्या, पण मेलेल्या नव्हत्या. जाग आल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या असत्या."

फुलाबाई लावणी करता करता थांबली.

"म्हंजी त्यो उठला असता?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. त्या पावसाळ्यात मी रोज ओरडलो, पण शेजाऱ्याच्या जागेवरून मला कुणी ओ दिली नाही. मित्रांनो, कुदळ मारण्याआधी खाली कोण निजले आहे, एवढे बघत जा.