चाळीस फोटोंतून गळलेली माणसं

मित्रांनो, मी एक कॅमेरा आहे, आणि जुना आहे. जुना म्हणा, माझी हरकत नाही. निकामी म्हणालात तर मात्र ऐकून घेणार नाही. माझी बटणं झिजली आहेत, कडेचं रबर सुटून लोंबतं आहे. पण ज्या हातांनी ते झिजवलं ते हात कामाचे होते.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. आठवतं ते कासाब्लांका आणि गिझलान. ती जुन्या इमारतींचे फोटो काढायची. मला तिवईवर तासन्‌तास एका जागी उभं करायची, एकाच इमारतीचे चाळीस चाळीस फोटो घ्यायची आणि घरी संगणकावर ते एकावर एक ठेवून गाळायची. रवा चाळावा तसं. बहुतेक फोटोंत जे एकसारखं असेल ते उरायचं: भिंत, कमान, लोखंडी कठडा. मधेच येऊन गेलेलं सगळं गळून जायचं: मोटारी, मांजरं, माणसं. मग ती आभाळ गडद करायची, भिंती उजळायची. लोक तिच्या हाताचं कौतुक करायचे. उन्हात उभा मी राहायचो, पण माझं नाव कोणी काढलं नाही.

एका शुक्रवारी सकाळी तिने मला बंदराजवळच्या गल्लीत एका गच्चीवर उभं केलं. समोर गोल कोपऱ्याची पांढरी इमारत होती. तिच्यात अकरा बिऱ्हाडं, आणि त्या अकराही बिऱ्हाडांवर तिसऱ्या मजल्यावरच्या लल्ला बतूलचा, म्हणजे बतूलबाईंचा, शब्द चाले. ती खिडकीत गालिचा झटकत होती.

"ए पोरी, कोणाला विचारून काढतेस?"

"इमारतीचा काढतेय, लल्ला. तुम्ही दिसणार नाही."

"दिसायचंच नाहीये. आजवर कोणाला माझा फोटो काढू दिला नाही. आणि ती धुणीही नकोत. माझ्या सुनेच्या चादरी जगाने का बघायच्या?"

"दुपारी दोरीवरून काढलीत, तर फोटोतूनही जातील."

दुपारी दोऱ्या मोकळ्या झाल्या. नमाज आटोपली, ऊन नको म्हणून खिडक्या ओढल्या गेल्या आणि अख्खी इमारत कुसकुसच्या परातीभोवती आत जेवायला बसली. गिझलानने बरेचसे फोटो तेव्हाच घेतले. लल्लाने तिला एक ताट भरून पाठवलं, वर भोपळ्याची मोठी फोड.

फोटो देखणा निघाला. वर्तमानपत्रात आला. लल्लाने तो दारावर लावून घेतला.

मग वर्षाच्या आत इमारतीच्या मालकाच्या पुतण्याने तोच फोटो, तारखेसकट, अर्जाला जोडला. इमारत ओस आहे, कोणी राहत नाही, पाडायला परवानगी द्या. पालिकेच्या कचेरीची नोटीस दारावर लागली. लल्ला फोटो काखोटीला मारून गिझलानकडे आली. चार जिने चढून आली होती, तरी बसली नाही.

"मी धुणी काढ म्हटलं होतं. घर काढ म्हटलं नव्हतं."

"लल्ला, मूळ फोटो मी पुसून टाकले. गाळून झालं की पुसतेच. जागा लागते."

"म्हणजे आम्ही कोंडा."

गिझलान रडायला लागली. लल्लाने तिच्याकडे पाहिलंही नाही. मला टेबलावरून उचललं, उलटंपालटं केलं, कडेचं झाकण उघडलं. या बाईला वाचता येत नव्हतं.

"याला दोन कप्पे का?"

"दुसरा असाच. एक मोठं कार्ड घालून ठेवलंय, कधी बघतच नाही."

"माझ्या कपाटालाही चोरकप्पा आहे. बघ त्यात."

मित्रांनो, मी प्रत्येक फोटो दोन्ही कप्प्यांतल्या कार्डांवर लिहीत आलो होतो. न सांगता, न थकता. चाळीसही फोटो तिथे होते, तारीख-वेळेसकट. त्यांतले पहिले बारा सकाळचे. चादरी, टोपल्या, खिडकीत दाढी करणारा म्हातारा बुअज्जा, जिन्यात भांडणाऱ्या दोघी जावा.

कचेरीत साहेब एकेक फोटो बघत होते. लल्ला म्हणाली, "तो पायजमा माझ्या नवऱ्याचा आहे, साहेब. ओस इमारतीत पायजमे वाळत नाहीत." अर्ज फेटाळला गेला. इमारत अजून उभी आहे.

मी मात्र दमलो. माझं शटर अडकू लागलं, गिझलानने नवं यंत्र घेतलं आणि मी खणात गेलो. इथे अंधार आहे आणि जुन्या वायरींचा वास. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात खण उघडला. लल्ला बतूल गेली होती. सुनेला भिंतीवर लावायला तिचा एक फोटो हवा होता आणि घरात एकही नव्हता. गिझलानने माझा दुसरा कप्पा उघडला. चौथा फोटो. हातात गालिचा, तोंड अर्धवट आमच्याकडे, कोणाला विचारून काढतेस असं विचारत असलेली.

सून म्हणाली, "हीच. अशीच ओरडायची."

म्हणून सांगतो, मित्रांनो. रंगवा, गाळा, हवी ती करामत करा. पण मूळ फोटो पुसू नका. आणि आमच्यासारख्या जुन्यांना खणात टाकण्याआधी आमचे सगळे कप्पे एकदा उघडून बघा.