फ्लॅश धरणारा

"परत मिटलेस," फोटोग्राफर वैतागून म्हणाला. "अकरा वेळा फ्लॅश उडाला आणि अकराही वेळा डोळे बंद. मुद्दाम करतोस का?"

"आपोआप मिटतात रे दादा, मी काय करू?" स्टुलावर आखडून बसलेला धाकटा भाऊ म्हणाला.

बागेतलं धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. दुपारी धाकटा परदेशात आपल्या मुलीकडे जाणार होता, कायमचा. तीस वर्षं दोघांनी मिळून स्टुडिओ चालवला, हजारो फोटो काढले आणि धाकट्याचा धड एक नाही. माणूस मागच्या झाडांपासून सुटून दिसावा म्हणून तो मागून फ्लॅश धरायचा आणि हटकून फोटोत घुसायचा. "मागे हो" म्हणून म्हणून थोरल्याचा घसा बसला, तेव्हा त्याने लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून टाकायला सुरुवात केली. समोरचा माणूस लख्ख, मागचं सगळं पुसट. काल त्याने सगळे अल्बम उपसले. भाऊ पानोपानी होता, तपकिरी मफलरचा डाग होऊन. स्वतःच्या कसबाचा इतका राग त्याला कधी आला नव्हता.

आणि आता हे. तीस वर्षं फ्लॅशच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसाला तो तोंडावर सोसत नव्हता. फ्लॅश बंद करून पाहिला, तर धाकटा धुक्यात धुकं झाला.

"ऊठ. तुझ्यापुढे डोकं फोडून घेण्यात अर्थ नाही."

"चिडतोस काय? तुझा उजेडच चुकतोय. स्टँडवर ठेवून जमतं का कधी?" धाकट्याने उठून स्टँडवरचा फ्लॅश काढला, नेहमीसारखा स्टुलामागे जाऊन उभा राहिला आणि रिकाम्या स्टुलावर नेम धरला. "हं, आता बघ कसा पडतो ते."

थोरल्याने कॅमेरा उचलला. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडंच होतं. त्याने फोकस स्टुलावरून काढला आणि भावाच्या मफलरच्या वर, डोळ्यांकडे नेला. फ्लॅश उडाला. धुक्यावरून परतलेला थोडासा उजेड भावाच्या चेहऱ्यावर आला. डोळे टक्क उघडे होते, उजेड स्टुलावर नीट पडतोय का, ते बघत.

"कसं आलं स्टूल?"

"पुसट," थोरला म्हणाला.

"मग मी मध्ये आलो असणार. मागे होऊ का?"

"नको," थोरला म्हणाला. "आहेस तिथेच थांब."