बाहेरून कडी

मला सगळे कान्या म्हणतात. तसा मी साधा मोजा आहे, राखाडी, लोकरीचा, टाचेला जरा विरलेला. मला स्वतःचा आवाज नाही. कुणी आत हात घातला तरच माझं तोंड उघडतं, आणि मग बोलतो तो हातवालाच. आज मात्र माझ्यात कुणाचाही हात नाही, तरी बोलावंसं वाटतंय. वेळ असेल तर बसा जरा.

जन्मलो तेव्हा आम्ही दोघं होतो. माझा जोडीदार धुण्यात कुठेतरी हरवला आणि ज्यांच्या पायात आम्ही जात होतो ते दादा मला केरात टाकायला निघाले. त्यांच्या बहिणीने मला वरच्यावर झेललं. "टाकू नकोस रे दादा, मला हवाय."

"एकाच पायात घालून मिरवणार आहेस?" दादा म्हणाले.

ही बहीण म्हणजे बालवर्गाची ताई. तिने माझं टोक कापून तोंड केलं, आत लाल कापड शिवलं, कोटाचं मोठं काळं बटण नि सदऱ्याचं छोटं पांढरं बटण लावून डोळे केले आणि जुन्या पंच्याचे दोन कान जोडले. कान जरा जास्तच लांब झाले. तिच्या आईने चष्मा वर करून विचारलं, "हा ससा आहे की गाढव?"

"ते पोरं ठरवतील," ताई म्हणाली.

पोरांचं त्यावर अजून एकमत झालेलं नाही. नाव मात्र पहिल्याच दिवशी पडलं, कान्या.

वर्ग म्हणजे एक लांबट खोली. बुटकी टेबलं, कोपऱ्यात सतरंजी, भिंतीला दप्तरांच्या खुंट्या. सकाळी सगळे गोल करून बसले की ताई मला हातात घालायची आणि माझी मान खाली पाडायची. "आज कान्याला काय झालं असेल बरं?"

"त्याचं पोट दुखतंय!"

"त्याला आई रागावली!"

"त्याला शी लागलीय!"

दाराशी केर काढणारी मावशी भिंतीकडे तोंड करून हसायची. पण ताई प्रत्येक उत्तर नीट ऐकायची. "बरं, मग आपण त्याच्यासाठी काय करू या?" असं विचारायची. तेव्हा एखादं पोर उठून माझ्या पाठीवरून हात फिरवायचं. ते हात ओले, चिकट, खडूने माखलेले असायचे. तसे हात मला पुन्हा कुठे लागले नाहीत.

शाळा सुटायच्या आधी झोक्याचा खेळ असे. पोरांनी सतरंजीवर उताणं निजायचं, आळीपाळीने मला पोटावर ठेवायचं आणि हात न लावता मला झोका द्यायचा. श्वास आत गेला की मी वर, श्वास सुटला की मी खाली. वर्गात एक मुलगी होती, नुसती भिंगरी, एका जागी म्हणून ठरायची नाही. मी पोटावर आलो की तीसुद्धा शांत व्हायची, मी पडेन म्हणून.

खेळ संपला की माझी रवानगी पत्र्याच्या डब्यात. वर झाकण घट्ट. सुट्टीच्या दिवशी तर ते उघडतच नसे. आत अंधार, आणि मागे कुणीतरी ठेवलेल्या बिस्किटांचा शिळा वास.

खिडकीखाली ताईने एक उशी टाकून कानगोष्टींचा कोपरा केला होता. तिथे मला मांडीवर घेऊन कुणी काहीही सांगावं. ताईने ऐकायचं नाही, हा नियम. कुणी कप फोडलेला असे, कुणाला नवं बाळ अजिबात आवडलेलं नसे. सगळं माझ्या कानांत जाई आणि तिथेच राही. मला तोंड उघडता येत नाही, हाच माझा मोठा गुण आहे असं सगळ्यांना वाटे. मलाही वाटे. गोगलगाय येईपर्यंत.

तिचं हे नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलं, कारण ती पाठीवरचं दप्तर कधीच उतरवायची नाही. चित्र काढताना दप्तर, खाऊ खाताना दप्तर. बोलायची तर त्याहून नाही. मावशी म्हणाली, "गोगलगाय नि पोटात पाय! बघा हं ताई, आज गप्प दिसतेय, उद्या वर्ग डोक्यावर घेईल."

पण तिने तसं काही केलं नाही. एक दिवस ती कोपऱ्यात आली, मला घट्ट धरलं आणि कानाशी तोंड नेलं.

"तुझ्या डब्यात अंधार असतो का?"

मला मान हलवता येईना.

"आमच्याकडे पण होतो. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, झटका बसतो. मग मी पलंगाखाली बसते. पलंगाखाली आधीपासूनच अंधार असतो ना, मग नवीन येत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "आई बाहेरून कुलूप लावते. तू कुणाला सांगू नकोस हं."

कुणाला सांगणार होतो मी? दुसऱ्या दिवशी ताईने मला हातात घातलं आणि माझ्या तोंडून किलबिलली, "आज कान्या खूप खूश आहे!" पोरांनी टाळ्या पिटल्या. गोगलगायीने टाळी वाजवली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी कालचं सगळं विसरलो, असंच तिला वाटलं असणार. ताईची बोटं माझ्या डोक्यात होती, अगदी तिथेच, आणि तिला काही कळत नव्हतं. डब्यातलं कोंडणं मी सोसत आलो होतो. हे कोंडणं वेगळं होतं.

मग घराचा खेळ आला. ताईने प्रत्येकाला बुटांचं रिकामं खोकं दिलं. "कान्याला राहायला घर करा. त्याला काय काय आवडेल, विचार करा."

काय घरं झाली! एकाने सात खिडक्या कापल्या आणि त्याचं घरच कोसळलं. भिंगरीने छपरावरून घसरगुंडी काढली. गोगलगायीने मात्र एकही खिडकी कापली नाही. आत तिने रुमालाची चादर अंथरली, एका झाकणात खाऊ ठेवला, तो दुसऱ्या झाकणाने झाकला. सगळं हळुवार, निगुतीने. मला आत निजवलं. मग खोकं बंद केलं, खडूने त्यावर मोठी कडी काढली आणि म्हणाली, "मी येईपर्यंत हूं का चूं करायचं नाही. कुणी दार वाजवलं तरी नाही. शहाणा ना तू?"

खोक्याच्या फटीतून मला ताईचे पाय दिसले. ते चालता चालता थबकले.

"कडी बाहेरून का गं?" ताईने खाली बसून हळूच विचारलं.

"घराला तिथेच असते," गोगलगाय म्हणाली.

शाळा सुटल्यावर ताई फाटकाशी गेली. मी तिच्या कुर्त्याच्या खिशातच राहिलो होतो. गोगलगायीची आई धावतच आली. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात ती इस्त्रीला होती, पाळी दुपारची. पोरीला घरी पोचवून तिला वेळेत कामावर पोचायचं असे, म्हणून पोरीने पाठीला दप्तर लावून तयार राहायचं. मला ते तेव्हा उमगलं.

"दोन मिनिटं बोलायचं होतं," ताई म्हणाली.

"मला उशीर होतोय, ताई."

"दुपारी ती घरी कुणाजवळ असते?"

आईचा चेहरा बंद झाला. "पोर उपाशी नसते माझी. मी तिला मारत नाही."

"तसं नाही हो. पण दाराला बाहेरून..."

"कुठे ठेवू मग?" आई एकदम कडाडली. "बघणारी एक शेजारीण होती, ती घर सोडून गेली. काम सोडलं तर दोघींनी खायचं काय? ते कुलूप तिला आत कोंडायला नाही ताई, बाकीच्या जगाला बाहेर ठेवायला आहे. तुम्हाला काय जातंय बोलायला!"

आईने पोरीचा दंड धरला आणि दोघी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोगलगाय आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पुढचा सगळा आठवडा नाही. ताईचं खेळात लक्ष लागेना. मावशी म्हणाली, "आगीतून फुफाट्यात पडली पोर. आधी सकाळ तरी मोकळी होती."

त्या दुपारी ताईने मला पिशवीत टाकलं आणि पत्ता शोधत निघाली. जुनी इमारत, अरुंद जिना, वर बोळासारखा व्हरांडा. शेवटच्या दाराला कुलूप. ताईने दार वाजवलं. "बाळा, मी आहे, ताई."

आतून काही नाही.

शेजारचं दार किलकिलं झालं. नव्याने राहायला आलेली बाई होती. "तिथे कुणी नसतं दुपारी. बाई कामाला जाते."

"आणि मुलगी?"

"मुलगी आहे? शाळेत जात असेल मग. कधी आवाजच नाही."

ताई जिन्यापर्यंत गेली. दोन पायऱ्या उतरली. मग परत आली आणि दाराला पाठ लावून जमिनीवरच बसली. पिशवीतून मला काढलं, उंबऱ्यावरच्या फटीशी चपटं केलं आणि आत सरकवू लागली. अर्धा गेलो आणि कोटाचं बटण अडकलं. ताईने जोर लावला. दोरा तुटला, माझा डोळा व्हरांड्यात घरंगळत गेला आणि मी एका डोळ्याने आत पोचलो. कान्याचा काण्या झाला, असं मावशी पुढे म्हणाली ते यावरूनच.

आत साबणाचा वास होता. नळ ठिबकत होता. ताटलीवर ताटली झाकलेली होती. उजेड म्हणावा तो दाराखालून येत होता तेवढाच. पलंगाखालून एक हात आला आणि त्याने मला कानाला धरून ओढून घेतलं.

"कान्या, पोचलास का रे आत?" ताईने बाहेरून विचारलं.

मग माझ्यात एक हात शिरला. इतका लहान की अंगठा माझ्या जबड्यापर्यंत पुरेना. माझं तोंड वाकडंतिकडं उघडलं.

"हो," मी म्हणालो. आवाज बसका होता, दिवसभर न वापरलेला.

"कोण कोण आहे तिथे?"

"मीच आहे. गोगलगाय पण आहे. पण ती बोलणार नाही. तिला बोलायचं नाहीये."

"बरं. नको बोलू दे. कशी आहे ती?"

"तिला शाळेत यायचंय. पण आई म्हणते, ताई आपल्याला वेगळं करील."

दाराखालची ताईची सावली आणखी जवळ सरकली. "कान्या," ती म्हणाली, "तिला सांग, ताई आईशी बोलायला आलीय. आई येईपर्यंत ताई इथून हलणार नाही."

"मग तोवर काय करायचं?"

"तूच सांग."

"झोका," मी म्हणालो.

गोगलगाय दाराजवळच्या फरशीवर उताणी झाली. मला पोटावर ठेवलं. बाहेरून ताई सांगत होती, आत घे, सोड, आत घे, सोड. आधी मी नुसताच हिंदकळत होतो. हळूहळू लाट संथ झाली. दाराखालचा उजेड पिवळा झाला, मग करडा, मग गेला. नवीन अंधार आला. पण ती पलंगाखाली गेली नाही.

जिन्यावर पावलं वाजली आणि थांबली. "तुम्ही?" आईचा आवाज. "तक्रार केलीत ना?"

"नाही."

"मग इथे का बसलात?"

"ती एकटी होती म्हणून."

किल्ली कुलपात फिरली. दार उघडलं. आई आत आलीच नाही. उंबऱ्यावर बसली आणि तोंडावर पदर धरून रडू लागली. मी गोगलगायीच्या हातात होतो. ती आईजवळ गेली.

"आई, रडू नकोस. मी हूं का चूं केलं नाही. कान्याच बोलत होता."

हे ऐकून आईने तिला असं आवळलं की मधल्यामध्ये मी पार चुरगळलो.

पुढचं एका दिवसात झालं नाही. मावशी म्हणाली, "माझ्या घरात चार नातवंडं धुडगूस घालतात. पाचवं आलं तर भिंती काय बाहेर सरकवायच्यात?" पण आईला फुकट काही नको होतं. शेवटी मावशीच्या घरचे कपडे इस्त्री करून द्यायचे असं ठरलं, तेव्हा कुठे ती तयार झाली. आता शाळा सुटली की गोगलगाय मावशीकडे जाते. वर्गात दप्तर खुंटीला लागतं, म्हणे. मावशी आजारी पडली की मात्र पुन्हा तेच कुलूप, तेच दार. पण दिव्याचं बटण दुरुस्त झालंय, आणि शेजारची बाई मधूनमधून दार वाजवते. "आहेस ना गं?" आतून मोठ्याने उत्तर जातं, "आहे!"

ताईने मला परत मागितलं नाही. वर्गात नवा मोजा आलाय. त्याला दोन्ही डोळे आहेत, असं गोगलगायीनेच मला सांगितलं, जरा अपराधी चेहऱ्याने.

मी इथे पलंगावर असतो. मला मावशीकडे का नेत नाहीस, असं आईने तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "सगळे गेले की घराला एकटं वाटतं. कान्या थांबतो त्याच्याजवळ." दुपारी आई घरून निघते, कुलूप वाजतं, आणि मी, ताटल्या, ठिबकणारा नळ असे आत उरतो. अंधार येताना मला पलंगाखाली जाता येत नाही. खोटं कशाला सांगू, जड जातं. पण माझं सोडा, मी लोकरीचा आहे.

तुमच्याकडे एकच मागणं. कुठल्या दारामागे एखादं पोर असेल असं वाटलं तर दार वाजवा. उत्तर आलं नाही तरी लगेच पाठ फिरवू नका. थोडं बसा. गप्प राहायला शिकलेल्या पोराला बोलायला वेळ लागतो.

आता निरोप घेतो. जिन्यावर पावलं वाजतायत, दोघींची.