राजाच्या तलवारीचं टोक

गंजबाईंनी तलवार खिडकीच्या उजेडात आडवी धरली आणि ब्रश परत डब्यात ठेवला. वार्निश मारायचं होतं, पण आधी रंग कुठे उडालाय ते बघायची त्यांची खोड. एकदा वार्निशचा हात बसला, की आत जे असेल ते तसंच राहणार.

नाटक मंडळीत त्यांचं काम नव्याचं जुनं करायचं. लाकडी तलवारींवर, पुठ्ठ्याच्या चिलखतांवर काळपट रंग फासायचा, स्पंजाने गंजासारखा तांबूस रंग लावायचा, आणि तो घामाने निघू नये म्हणून वरून बिनचकाकीचं वार्निश. पातळ हात, वाळवण, पुन्हा पातळ हात. घाईने जाड मारलं की त्यावर पांढुरकी साय धरते आणि सगळी मेहनत मातीत. माणसांचा हिशेबही बाई उडालेल्या रंगावरूनच मांडत. सेनापतीच्या ढालीची कड झिजली, म्हणजे स्वारी विंगेत ढालीवर बसते. दासीच्या तबकावर नखांचे ओरखडे, म्हणजे पोरीची धास्ती अजून गेली नाही.

राजाच्या तलवारीची मूठ शाबूत होती. टोकाचं मात्र लाकूड उघडं पडलं होतं.

बाई स्टुलावर टेकल्या. राजाचं काम करणारे, सगळ्यांचे राजे, तलवारीवर भार टाकत होते तर! गुडघा गेला असणार. शेवटच्या प्रवेशात हरलेला राजा परततो आणि लांबलचक भाषण उभ्यानेच करतो. दिग्दर्शिकेला, म्हणजे पाठीमागे सगळे जिला मास्तरीण म्हणत तिला, हे कळलं की भूमिका गेलीच. दौरा तोंडावर होता आणि राजाचा मुकुट घालायला एक धडधाकट गडी टपूनच बसला होता.

बाईंचा चष्मा जाड झाला तेव्हा मंडळी नवा माणूस शोधत होती. "गंज काय डोळ्यांनी लावतात?" असं ठणकावून राजांनीच तो विषय मिटवला होता.

बाईंनी जुन्या चपलेचा तळ काढला. रबराचा तुकडा कापून टोकाला चिकटवला, त्यावर लोखंडी रंग, गंज, आणि मग वार्निश.

दुसरा हात वाळत होता तेवढ्यात मास्तरीण आली.

"मावशी, राजांची तलवार झाली?"

"बोटं लावू नका ताई, ठसा उठेल."

तिने अर्थातच बोट लावलं. नेमकं टोकाला.

"हे जाड दिसतंय."

"लढून लढून बोथट झालंय."

"बोथट झालं की जाड होतं?"

"माणसंही होतात, ताई."

मास्तरीण हसली नाही. तलवार ठेवून निघून गेली.

दुपारच्या तालमीत बाई विंगेत येऊन उभ्या राहिल्या. राजांनी तलवार टेकली, पहिलं वाक्य म्हटलं, आणि मास्तरणीने टाळी वाजवून सगळं थांबवलं. बाईंनी पडद्याची कड मुठीत धरली.

"हरलेली फौज अशी उभी राहते? वऱ्हाडात फोटो काढायला आल्यासारखी? तलवारी टेका सगळ्यांनी!"

"राजांसमोर?" सेनापतीने विचारलं.

"राजे टेकलेत की. तुम्ही ताठ उभे, म्हणून ते म्हातारे दिसतात. सगळे टेकलात तर लढाई मोठी दिसेल."

सगळे टेकले. सेनापतीची तलवार गुळगुळीत फळ्यांवरून सटकली आणि तो शिरस्त्राणासकट राजांच्या अंगावर येता येता वाचला. हशा पिकला. राजे जागचे हलले नाहीत.

मास्तरणीने मान न वळवता हाक दिली, "मावशी, बाकीच्यांच्या टोकांनाही तेच लावा."

"लावते, ताई," बाई म्हणाल्या. मुठीतली पडद्याची कड त्यांनी सोडली.

संध्याकाळी त्या रबर कापत बसल्या होत्या. दाराशी राजे येऊन उभे राहिले. एरवी ते उभ्या उभ्याच दोन चिमटे काढून जात. आज चौकटीला हात लावून थांबले.

"गंजबाई, एखादी खुर्ची आहे का हो?"

बाईंनी शिरस्त्राणं उचलून खुर्ची मोकळी केली. राजे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून सावकाश बसले, आणि मंडळीत कुणापुढेही न काढलेला "आई गं" त्यांनी मनसोक्त मोठ्याने काढला.