गाणाऱ्यांचा बास्केटबॉल

आमचा शिवकुमार अण्णा जन्मात कधी गप्प बसला नाही. मुरुमच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान, आणि गिऱ्हाईक बोलवायचा आवाज असा की शेजारचे वैतागायचे. भजनात पहिला सूर त्याचाच. गळ्यातली गाठ काढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आवाज घोगरा होईल, पण बोलत राहा, नाहीतर आहे तोही जाईल. हा गडी उन्हाळाभर तोंड उघडेना. घोगऱ्या आवाजाची लाज! महानंदावहिनींना पाणीसुद्धा खुणेनं मागायचा. वहिनी मला फोनवर रडून सांगायच्या. मला मात्र रडू नाही, राग यायचा.

शेवटी मी नळदुर्गहून, सासरहून, माहेरी आले, थेट माळ्यावर चढले आणि लहानपणीचा व्हिडिओ गेम खाली काढला. त्यातली एकच कॅसेट आमच्या जिवाची होती. परदेशातले नामांकित गायक-वादक त्यात बास्केटबॉल खेळायचे. त्यांची नावं आम्हाला कुठली माहीत? गॉगलवाल्याला आम्ही सोमलिंग म्हणायचो, कारण आमच्या गावचा सोमलिंग बँडवाला मांडवातही गॉगल काढायचा नाही. आणि ही सगळी गाण्यातली माणसं, तर गाणं ऐकल्याशिवाय त्यांच्या अंगात बळ येणार कसं, असा आमचा पक्का समज होता. म्हणून ज्याच्याकडे बॉल, त्यानं आईचं कानडी भजन म्हणायचं आणि मगच बटण दाबायचं. न गाता टाकलेला बॉल आम्ही हिशेबात धरत नसू. "देवाचं नाव खेळात उधळू नका रे," म्हणून आई ओरडायची आणि अडलं की पुढची ओळ स्वतःच सांगायची.

कॅसेटला फुंकर मारली, काढली, परत घातली. टीव्हीवर सोमलिंग उभा राहिला आणि अण्णा चक्क हसला. गेमचा रिमोट त्यानं ओढूनच घेतला. पळत पळत सोमलिंग बास्केटखाली पोचला आणि तिथंच थांबला.

"टाक की, अण्णा."

त्यानं गळ्याकडे बोट दाखवलं. नियम म्हणजे नियम. आता हा रिमोट ठेवून उठेल आणि कायमचा मुका होईल, अशी भीती वाटली.

मग त्याच्या बॉलसाठी मीच गायला लागले. मी जन्माची बेसूर. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला, तरी रेटत राहिले. अण्णाच्या कपाळावर आठ्या चढत होत्या. तिसऱ्या ओळीला त्यानं हात उचलून मला थांबवलं.

"लई वर धरलंस." आवाज खरखरीत, ओळखू न येणारा. "खालनं घे."

स्वयंपाकघरात वहिनींचं लाटणं खाली पडलं. मला हुंदका आवरेना.

"रडतीस काय?" अण्णा खेकसला. "म्हण की! बॉल माझ्याकडं हाय."